माडीवरून दिसणारा कॅरम

१

१९९० च्या आसपासची, फलटणची गोष्ट. गणेशोत्सवात आमच्या गल्लीतले मंडळ कॅरमच्या स्पर्धा घेत असे. रात्रीची आरती आटोपली की मंडपाशेजारी, आमच्या वाड्याच्या अगदी खाली, एका उंच स्टुलावर बोर्ड मांडला जाई. वर वायरीला टांगलेला मोठा बल्ब, बोर्डावर भुरभुरलेली बोरिक पावडर आणि भोवती खांद्याला खांदा लावून उभी असलेली तीस-चाळीस मुले. मुलींनी तिथे जाऊन उभे राहण्याची पद्धत नव्हती. कोणी मज्जाव केला होता असे नाही. मज्जाव करण्याची वेळच येऊ नये अशी एकूण रीत होती. त्यामुळे मी माडीच्या खिडकीत बसून खाली पाहत असे.

खालच्या गर्दीला खेळाडूंचे चेहरे दिसत, त्यांची ईर्ष्या दिसे, हात थरथरलेला दिसे. मला त्यांतले काही दिसत नसे. मला दिसे तो पिवळ्या उजेडातला एक चौकोन, त्यावर घरंगळणाऱ्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आणि मधली लाल राणी. खेळणाराचे फक्त मनगट चौकोनात येई आणि परत जाई. खेळाडू दिसत नसे म्हणून की काय, खेळ फार स्पष्ट दिसे. अमुक सोंगटी तमुक कोनातून जाईल हे खाली टाळ्या पडण्याआधी मला कळलेले असे, आणि ते कोणालाही सांगता येत नसे.

अलीकडे माझ्या विद्यार्थिनींच्या मोबाइलवर राज्य अजिंक्यपद स्पर्धेचे थेट प्रक्षेपण पाहिले आणि क्षणभर चकित झाले. कॅमेरा बोर्डाच्या बरोबर वर, छताला टांगलेला. तोच चौकोन, तेच मनगट, तोच चेहऱ्यावाचूनचा खेळ. माझी माडी आता सर्वांसाठी खुली झाली होती.

कॅरमचा इतिहास लिहिताना विजेत्यांच्या याद्या दिल्या जातात आणि ते योग्यच आहे. येथे मात्र मला निराळा प्रश्न विचारायचा आहे. हा खेळ कोणी पाहिला, कोठून पाहिला आणि त्या पाहण्याने खेळाची समाजातली जागा कशी बदलली? माझ्या मते कॅरमला मिळालेली किंवा न मिळालेली प्रतिष्ठा ही त्याच्या कौशल्यापेक्षा त्याच्या दिसण्याशी अधिक बांधलेली आहे.

२

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात येतो तो बहुधा त्यातील मराठी पद्यरचनेच्या निमित्ताने. इ. स. ११२९ च्या सुमाराचा हा ग्रंथ पाच विंशतींत विभागलेला आहे. त्यांपैकी चौथी विनोदविंशती आणि पाचवी क्रीडाविंशती. या दोन नावांतला भेद लक्षात घेण्यासारखा आहे. ढोबळमानाने पाहता, विनोदात राजा बसून पाहतो : मल्लांची झुंज, हत्तींची दौड, कोंबड्यांची लढत. क्रीडेत तो स्वतः उतरतो : जलक्रीडा, झोके, बुद्धिबळ, फासे, कवड्या. म्हणजे पाहण्याचे खेळ आणि खेळण्याचे खेळ असे दोन वर्ग बाराव्या शतकातच आपल्यासमोर आहेत, आणि पटावरचे सारे खेळ दुसऱ्या वर्गात पडतात.

याचे कारण उघड आहे. पट लहान असतो. त्याच्या चार बाजूंना चार माणसे बसली की पाचव्याला खांद्यावरून डोकवावे लागते. मल्लविद्येला मैदान मिळाले, हजारोंची नजर मिळाली, हलगी मिळाली, राजाश्रय मिळाला. सारीपाटाला माजघर मिळाले. बंद दाराआड खेळल्या जाणाऱ्या खेळाविषयी संशय निर्माण होतो, आणि पटावरच्या खेळांविषयीचा संशय तर ऋग्वेदाइतका जुना आहे. दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात बेहड्याच्या फळांचे फासे खेळून उद्ध्वस्त झालेला जुगारी स्वतःच बोलतो. पुढे महाभारतातील सभापर्वाने हा संशय आपल्या मनात कायमचा कोरला. द्यूतसभा भरलेली होती, पाहणारे पुष्कळ होते. परंतु फाशांचा कपटी हात पाहणाऱ्यांना पकडता आला नाही. न दिसणाऱ्या कौशल्याविषयीची आपली भीती तिथून येते.

याउलट साक्षीला आपल्या वाङ्मयपरंपरेत केवढे मोल आहे! फलटणला महानुभावांची दक्षिण काशी म्हणतात, म्हणून येथे म्हाइंभटांची आठवण होणे स्वाभाविक आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा त्यांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले त्यांना विचारून जमवल्या. पाहिलेल्या माणसाचा शब्द हाच तेथे आधार. एखादी कृती घडली एवढे पुरत नाही. ती पाहणारा आणि पाहिलेले नीट सांगणारा असावा लागतो. हे चरित्राला जसे लागू आहे तसे खेळालाही लागू आहे.

३

कॅरमचे नाव बिलियर्ड्सच्या परिभाषेतून आलेले दिसते. एका गोटीने दुसरीवर आदळून तिसरीकडे जाणे याला त्या खेळात 'कॅरम' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत, मिशिगनमधल्या लडिंग्टन गावी, हेन्री हॅस्केल नावाच्या रविवारच्या धर्मशाळेतील शिक्षकाने 'कॅरम्स' या नावाचा एक लाकडी बोर्ड तयार केला. मुलांनी बिलियर्ड्सच्या अड्ड्यांवर जाऊ नये हा त्याचा हेतू. तो खेळ आणि आपला कॅरम एक नव्हेत. नियम वेगळे, सोंगट्या वेगळ्या. पण हेतूतले साम्य बोलके आहे. बदनाम खेळाचे घरगुती, सोज्ज्वळ रूप म्हणून कॅरम घरात शिरला. आपल्याकडेही दिवाळी आणि मे महिन्याच्या सुटीत दाराआडच्या खिळ्यावरून बोर्ड खाली उतरे आणि शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी परत खिळ्यावर जाई. तोच खेळ नाक्यावरच्या क्लबात रात्री उशिरापर्यंत चालला की त्याला 'नाद' म्हणत. बोर्ड एकच; ओसरीवर तो खेळ आणि नाक्यावर तो नाद.

पहिल्या महायुद्धानंतर भारतीय उपखंडात हा खेळ झपाट्याने पसरला. त्याचे गणित सोपे होते. दहा बाय दहाच्या खोलीत मावणारा, पावसाळ्यात चालणारा, एकदा बोर्ड घेतला की पावडरीपलीकडे खर्च न मागणारा दुसरा खेळ कोणता? मुंबईच्या चाळींनी, गिरणगावातल्या मंडळांनी, कचेऱ्यांच्या मनोरंजन कक्षांनी तो उचलला नसता तरच नवल. १९५८ पर्यंत भारत आणि श्रीलंका या दोन्ही देशांत कॅरमचे अधिकृत महासंघ स्थापन झाले होते. १९८८ मध्ये चेन्नईत आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९९१ साली दिल्लीत पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा झाली आणि चेन्नईचे मारिया इरुदयम पहिले विश्वविजेते ठरले. १९९६ चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

महासंघाने काय केले, तर नाद मोजून दाखवला. खेळण्याचा पृष्ठभाग सुमारे ७४ सेंटिमीटरचा चौरस. सोंगट्या एकोणीस : नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा आणि ४.१३ सेंटिमीटर व्यासाचा. कोपऱ्यातल्या पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर. म्हणजे स्ट्रायकर आणि पॉकेट यांत जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक. जोर चुकला तर सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकरही आत जातो आणि दंड भरावा लागतो. पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड झाले की एक गेम. राणीचे तीन गुण. मात्र ती घेतल्यावर आपली एक सोंगटी घेऊन तिला 'कव्हर' करावे लागते, नाहीतर राणी परत मधोमध. या नियमात एक शहाणपण आहे. नशिबाने मिळालेली राणी ठेवून घेता येत नाही. पुढचा फटका मारून ती कमवावी लागते. दैवाने दिलेल्या वस्तूवर कर्तृत्वाची मोहोर उमटवावी लागते असे म्हणा ना.

परंतु हे सारे नियम सभागृहाच्या आत होते. बाहेरच्या समाजाला कॅरम कळे तो वर्तमानपत्रातील आकड्यांतून. 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये वि. वि. करमरकरांनी १९६० च्या दशकात क्रीडापानाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली आणि मराठी वाचकाला देशी खेळांकडे गंभीरपणे पाहण्याची सवय लावली. तरी कॅरमच्या वाट्याला येत त्या खालच्या कोपऱ्यातील चार ओळी : अमुकने तमुकला तीन गेममध्ये हरवले, गुण इतके-इतके. आकड्यांत निकाल असे, खेळ नसे. क्रिकेटला आकाशवाणीवर बाळ ज. पंडित लाभले, त्यांच्या समालोचनातून क्रिकेटची मराठी घडली, आणि मैदान न पाहिलेल्या माणसालाही मैदान दिसू लागले. कॅरमला असा आवाज लाभला नाही. शांततेत खेळल्या जाणाऱ्या आणि क्षणात संपणाऱ्या फटक्याचे वर्णन करायचे तरी कसे?

४

न दिसणाऱ्या कौशल्याची किंमत काय मोजावी लागते हे समजून घेण्यासाठी क्षणभर न्यूयॉर्कला जाऊ.

बॅगाटेल हा खेळ आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी घरात होता. तिरक्या फळीवर खिळे ठोकलेले, स्प्रिंगच्या दांड्याने गोळी वर उडवायची, ती खिळ्यांवर आपटत खाली येते आणि एखाद्या खाचेत अडकते. या खेळाला नाव मिळाले ते फ्रान्समधल्या बॅगाटेल या राजविलासी महालावरून. १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट घेतले. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलिब यांचे 'बॅफल बॉल' हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आले आणि मंदीने गांजलेल्या माणसांनी ते डोक्यावर घेतले. हेच पिनबॉल. गोळी सोडल्यानंतर खेळणाराच्या हातात फारसे काही उरत नसे. त्यामुळे तो जुगारच ठरला. १९४२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कचे महापौर लाग्वार्डिया यांनी त्यावर बंदी घातली. जप्त केलेली यंत्रे हातोड्यांनी फोडण्यात आली आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. खेळ कोणी नीट पाहिला नव्हता. त्याचा विध्वंस मात्र सर्वांनी पाहिला.

पुढे १९४७ मध्ये यंत्राला 'फ्लिपर' म्हणजे गोळी परत वर फटकावणाऱ्या लहान पट्ट्या बसल्या. खेळाचे स्वरूप मुळातून बदलले. आता हाताला, नजरेला, वेळेच्या अचूकतेला काम मिळाले. बंदी मात्र तशीच राहिली. ती उठायला १९७६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एप्रिलमध्ये रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला नगरपरिषदेच्या सभेत साक्षीला बोलावले. सभागृहात यंत्र मांडले. तो खेळत असताना सदस्यांचे समाधान होईना. तेव्हा त्याने गोळी सोडण्याआधीच बोट दाखवून सांगितले की ती वरच्या मधल्या वाटेनेच जाईल. गोळी गेलीही तशीच. बंदी उठली. या कथेचे शेपूट अधिक रंजक आहे : त्या फटक्यात नशिबाचाही भाग होता हे शार्पने पुढे मोकळेपणाने मान्य केले.

या प्रसंगाने काय सिद्ध झाले? कौशल्य एकोणतीस वर्षे यंत्रात होतेच. ते मान्य झाले ते कोणीतरी आधी सांगितले, मग करून दाखवले आणि ते अधिकार असलेल्या डोळ्यांनी पाहिले तेव्हा.

आपल्याकडेही हा वाद कायद्याच्या भाषेत चालला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना मोकळे ठेवले. पण कौशल्य ठरवायचे कोणी? गंमत अशी की यावरचा मोठा निवाडा झाला तो शब्दकोड्यांवरून. बक्षिसी शब्दकोडी चालवणाऱ्या चमारबागवाला यांच्याविरुद्ध मुंबई राज्याने लढवलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ मध्ये निकाल लागला : जुगार हा व्यापार म्हणून संरक्षण मागू शकत नाही. त्याच वर्षीच्या सोबतच्या निकालाने मात्र ज्या स्पर्धांत यश बहुतांशी कौशल्यावर अवलंबून आहे त्यांना जुगारापासून वेगळे काढले. साहित्याच्या माणसाला हा इतिहास ठाऊक असायला हवा. शब्द ओळखणे हे ज्ञान की अंदाज, असा प्रश्न या देशाच्या न्यायालयांसमोर आला होता!

कॅरम जुगार ठरला नाही. मात्र ज्या संशयाच्या सावलीत पिनबॉल वाढला त्याच सावलीत नाक्यावरचा कॅरमही वाढला. घराघरांतल्या वडिलधाऱ्यांनी त्याला दिलेली शिक्षा कोणत्याही कलमात नव्हती, पण ती अधिक टिकाऊ होती.

५

पिनबॉलची पुढची कहाणी थोडक्यात अशी. घरगुती व्हिडिओ गेमपुढे यंत्रे मागे पडली. १९९९ मध्ये विल्यम्स या बड्या कंपनीने पिनबॉल बनवणे थांबवले आणि हा खेळ संपला असेच सर्वांना वाटले. तो जगला हौशी मंडळींमुळे. २००६ मध्ये जागतिक क्रमवारी पुन्हा मांडण्यात आली. ती मांडणाऱ्यांत रॉजर शार्पचीच दोन मुले होती. पिट्सबर्ग परिसरात 'पापा' या संस्थेच्या स्पर्धा होत. त्यांचे चित्रीकरण समालोचनासह प्रसिद्ध होऊ लागले. २०११ मध्ये ट्विच हे थेट खेळ दाखवणारे संकेतस्थळ सुरू झाल्यावर पडद्याची एक नवी मांडणी रूढ झाली : एका चौकटीत वरून दिसणारे यंत्र, दुसरीत गुणफलक, तिसरीत खेळणाराचा चेहरा. पिनबॉल यंत्रासमोर मुळात एकच माणूस नीट उभा राहू शकतो. कॅमेऱ्याने त्याच्या डोळ्यांची जागा हजारोंना दिली.

कॅरमच्या बाबतीत हेच घडले, थोडे उशिरा. यूट्यूब २००५ पासून होते. परंतु तालुक्याच्या गावातल्या मुलीला तासभराचा सामना हातातल्या फोनवर पाहणे परवडू लागले ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला तेव्हा. महाराष्ट्र कॅरम असोसिएशन आता आपल्या स्पर्धांतील सामने स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर थेट दाखवते. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील चुंचॉन येथे विश्वचषक जिंकणारे मुंबईचे प्रशांत मोरे यांच्यासारख्या खेळाडूंचा खेळ पाहायला आता दादरला जावे लागत नाही.

वरच्या कॅमेऱ्याने काय दिसते? कोन दिसतात. खेळाडू सोपी सोंगटी सोडून अवघड सोंगटीकडे का वळला, ते दोन फटक्यांनंतर उलगडते : सोपी सोंगटी त्याने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवण्यासाठी राखून ठेवलेली असते. पहिल्याच पाळीत नऊच्या नऊ सोंगट्या आणि राणी घेऊन बोर्ड संपवणे, ज्याला 'व्हाईट स्लॅम' म्हणतात, तो वरून पाहताना एखादे यमकबद्ध कडवे वाचावे तसा वाटतो. प्रत्येक फटका मागच्याचा परिणाम आणि पुढच्याची तयारी.

आणि काय दिसत नाही? बोट दिसत नाही. खेळाची सारी किमया नखाच्या टोकाशी असते आणि वरून तिथे केवळ एक सावली हलते. बोर्ड किती 'पळतो' आहे, हवेतल्या दमटपणाने पावडर जड झाली आहे का, हे समोर बसणाऱ्यालाच कळते. प्रतिस्पर्ध्याचा श्वास, सभागृहातली ती ताणलेली शांतता, कॅमेऱ्यात उतरत नाही. माडीवरून मला खेळ कळे, पण खेळणे कळत नव्हते, हे मला आज कबूल केले पाहिजे.

ही उणीव भरून काढण्याचे काम समालोचकाचे. या बाबतीत सातारा-सांगलीच्या मातीला शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. कुंडलसारख्या मैदानात लांब उतारावर बसलेल्या हजारोंना आखाड्यातला डाव दिसत नाही; दिसतात ती दोन मातकट शरीरे. तो डाव ऐकू येतो. कोथळीचे शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी कुस्तीच्या निवेदनाला कलेचा दर्जा दिला. मल्लाचे गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, मागची हारजीत हे सारे सांगता सांगता ते अचूक क्षणी डावाचे नाव उच्चारतात : धोबीपछाड, ढाक, निकाल, घिस्सा. नाव उच्चारले की डाव दिसतो. कुस्तीजवळ हा शब्दसंग्रह पिढ्यांनी साठवलेला आहे.

कॅरमजवळ तो नाही. कट, डबल, रिबाउंड, कव्हर, फिनिश या पाच-दहा इंग्रजी शब्दांवर सगळा संसार चालतो. ते शब्द आता मराठीच झाले आहेत, त्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या अपुरेपणाविषयी. सोंगटीला केवळ स्पर्श करून तिची दिशा बदलणारा फटका आणि तिला ढकलत नेणारा फटका या दोहोंना एकच शब्द वापरला की पाहणाराची नजरही दोहोंतला भेद विसरते. ज्याला नाव नाही ते दिसत नाही. वर्गात अलंकार शिकवताना आपण नेमके हेच सांगत असतो. उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक ज्याला नावाने ठाऊक नाही त्याला दोन्ही ठिकाणी केवळ 'छान' वाटते. समालोचक हा खेळाचा टीकाकार असतो, आणि कॅरमच्या मराठी टीकेचा आरंभ आता कोठे होतो आहे. तो पुस्तकांत नव्हे, थेट प्रक्षेपणाच्या आवाजात होतो आहे.

६

प्रक्षेपणाने सारे मंगल झाले असा माझा दावा नाही. फोनवरचा कॅरम हा आता स्वतंत्र खेळ आहे. बोटाने काच सरकवणारी मुले खऱ्या बोर्डाजवळ बसली की दोन मिनिटांत कंटाळतात. पडद्यामागून पैजेचा पैसाही आला. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत की दैवाचे, सरसकट बंदी घातली. १८८७ पासून चालत आलेला कौशल्य-दैव भेद तेथे बाजूला सारला गेला, आणि ई-क्रीडेला मात्र स्वतंत्र मान्यता मिळाली. खेळ आणि नाद यांमधली रेषा दर पिढीत नव्याने आखावी लागते, एवढाच याचा अर्थ.

तरीही जे मिळाले ते मोठे आहे. ते कोणाला मिळाले, हे पाहिले तर अधिक मोठे आहे. कॅरममध्ये स्त्रियांनी जगज्जेतेपदे मिळवली आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतील विश्वचषकात तीन सुवर्णपदके पटकावणारी काझिमा ही चेन्नईच्या एका वाहनचालकाची सतरा वर्षांची मुलगी. अशा मुली नाक्यावरच्या क्लबात उभ्या राहून खेळ शिकल्या नाहीत. त्यांना घर, शेजार किंवा प्रशिक्षण केंद्र लाभले. ज्यांना तेही लाभत नाही त्यांच्यासाठी वरचा कॅमेरा ही पहिली शाळा ठरू शकते. खांद्याला खांदा लावून उभे राहण्याचा अधिकार तिथे लागत नाही.

माझी एक विद्यार्थिनी तालुक्यातल्या एका ऊसवाल्या गावाची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळणारी. तिच्या वडिलांचे मत ठाम होते : कॅरम हा रिकामटेकड्यांचा नाद, पोरीच्या जातीला तर मुळीच नको. बाहेरगावी स्पर्धेला पाठवायचे की नाही यावरून दर खेपेस घरात रुसवेफुगवे होत, आणि एकदा तर तिचे नाव काढून घ्यायला ते महाविद्यालयात आले होते. मी त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. कौशल्य, एकाग्रता, खेळाडूंना बँकांत आणि तेल कंपन्यांत मिळणाऱ्या नोकऱ्या, सारे सांगून झाले. ते ऐकून घेत होते, पटत नव्हते. त्यांचाही काय दोष? त्यांनी खेळ कधी पाहिलाच नव्हता. पाहिली होती ती नाक्यावरची गर्दी.

पुढे एका स्पर्धेत तिचा सामना प्रक्षेपणाच्या बोर्डावर लागला. घरी धाकट्या भावाने फोन कणगीला टेकवून लावला. वडील येता-जाता पाहत राहिले, मग बसले. पोरगी हरली. रात्री तिचा घरी फोन आला तेव्हा त्यांनी प्रथम जेवलीस का विचारले, आणि मग म्हणाले, "आगं, ती राणी आधीच का न्हाई घेतलीस? मोकळी व्हती की."

तिने मला हे सांगितले तेव्हा ती हरल्याचे दुःख विसरून हसत होती. मी मात्र गंभीर झाले. कारण ते वाक्य खेळ पाहिलेल्या माणसाचे नव्हते. खेळ वाचलेल्या माणसाचे होते. त्यांना चूक दिसली होती. ज्याला चूक दिसते त्याने त्यातले कौशल्य मान्य केलेले असते. नशिबाच्या खेळात कोणी कोणाला चूक दाखवत नाही. न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेत जे एका फटक्याने झाले ते आमच्याकडे एका हुकलेल्या राणीने झाले.

त्यांनी आता पूर्ण परवानगी दिली आहे असे नाही. पुढच्या स्पर्धेचा वाद पुढे होईलच. पण तो आता 'खेळायचे की नाही' यावरून न होता 'कशी खेळलीस' यावरून होण्याची शक्यता आहे.

आमच्या गल्लीतला तो वाडा आता नाही. त्या जागी तीन मजली इमारत उभी आहे. गणपतीत मंडळ अजून कॅरमच्या स्पर्धा घेते, आणि गेल्या वर्षी नावे देणाऱ्यांत चार मुली होत्या. मी खाली गेले. गर्दीतून वाट काढून बोर्डाजवळ उभी राहिले. मुलांनी, बाई आल्या म्हणून, जागा करून दिली. चेहरे दिसले, थरथरणारे हात दिसले, पावडरीचा वास आला. कोन मात्र नीट दिसेनात. दोन बोर्ड पाहून झाल्यावर माझी नजर नकळत वर, जिथे आमची खिडकी होती त्या जागी गेली.